डब्यातलं मशीन अभंग म्हणायला लागलं

शुक्रवारी आमच्याकडे दुप्पट गर्दी, कारण म्हापशाचा बाजार. पेडण्याहून, डिचोलीहून माणसं बाजाराला येतात आणि येता येता कानाचं मशीन दाखवून जातात, म्हणजे पिशवीत वर मयड्याची केळी, मध्ये सुके बांगडे आणि सगळ्यात खाली रुमालात गुंडाळलेलं मशीन. रुमाल सोडला की आधी बांगड्याचा वास येतो मग मशीन दिसतं. आणि वाक्य ठरलेलं, ''मशीन पाड जालें बाय, कितेंच आयकूंक येना.''

आता मशीन खरंच बिघडलंय का, की बॅटरी संपलीय, की कानातच मळ आहे, की बाहेरचा कोणीतरी बटण फिरवून बसलाय, हे नुसतं कानाला लावून कळतं असं मी पहिली दोन वर्षं समजत होते. कानाला लावून 'चालू आहे' एवढंच कळतं. किती चालू आहे ते कळत नाही. त्यासाठी टेस्ट बॉक्स लागतो, आणि टेस्ट बॉक्समध्ये मशीन नीट लावता आलं पाहिजे. सध्या आमच्याकडे एक मुलगी शिकायला आलीय, हुशार आहे, स्क्रीनवरचे ग्राफ फटाफट वाचते, पण तिने परवा एका दिवसात चार मशीनं 'फेल' केली आणि चारही चांगली निघाली. मशीनला दोष नव्हता, लावण्यात गोंधळ होता. तिला चार वेळा तेच तेच सांगून झालं तेव्हा म्हटलं लिहूनच काढते, दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

आधी डबा. बाहेरून पाहिलं तर जाड झाकणाची पेटी, आतून फोम, आत छोटा स्पीकर. मधोमध एक खूण असते, मशीनचा माईक तिथे यायला हवा. मशीन नाही हं, मशीनचा माईक. इथेच अर्धे लोक चुकतात, मशीन सुंदर मधोमध ठेवतात आणि माईक राहतो कुठेतरी कोपऱ्याकडे तोंड करून. त्या माईकच्या अगदी जवळ, चारेक मिलीमीटरवर, चिकटणार नाही पण दूरही जाणार नाही असा रेफरन्स माईक ठेवायचा, तो स्पीकरचा आवाज मोजतो आणि बरोबर ठरलेल्या डेसिबलवर आणतो. आणि मशीनचं दुसरं टोक, जिथून आवाज बाहेर येतो ते, जातं कपलरमध्ये. कपलर म्हणजे धातूची छोटी डबी, आत बरोबर २ घन सेंटिमीटरची पोकळी आणि तळाला मोजणारा माईक. कानाच्या जागी ही डबी. माणसाच्या कानाशी तिचं फारसं साम्य नाही हे मी नंतर सांगते, पण जगातल्या सगळ्या कंपन्या आपलं मशीन ह्याच डबीत मोजून डेटाशीट, म्हणजे मशीनच्या मोजमापांचा कागद, छापतात, त्यामुळे आपल्यालाही तुलना करायची तर हीच डबी.

आता डबीला दोन तोंडं असतात असं समजा. एचए-१ आणि एचए-२. कुठलं मशीन कुठल्या तोंडाला हे पाठ केलं की निम्मं काम झालं.

कानामागचं मशीन, म्हणजे बीटीई, सरकारी शिबिरात वाटतात ती साधारण हीच. ह्याला एचए-२. मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, काढून ठेवायचा, हुकला, म्हणजे कानावर अडकणाऱ्या वाकड्या नळीला, २५ मिलीमीटरची ट्यूब, साधी १३ नंबरची, आणि ती कपलरच्या नळीत. ती नळी म्हणजे खोटा मोल्ड, १८ मिलीमीटर लांब, ३ मिलीमीटर भोक. सोपं वाटतं ना? पण ट्यूब २५ म्हणजे २५. पेशंटच्या मोल्डला आधीच लागलेली लांब ट्यूब तशीच खुपसली की १००० हर्ट्झच्या आसपासचा तो पहिला उंचवटा डावीकडे सरकतो आणि ग्राफ डेटाशीटशी जुळत नाही, मग आपण म्हणतो मशीन गेलं. आमच्या कपलरला लावलेली ट्यूब तर वर्षभर कोणी बदललीच नव्हती. पिवळी पडून कडक झालेली, टोकाला बारीक चीर, त्यातून आवाज गळतोय आणि मशीन डब्यातल्या डब्यात शिट्टी मारतंय. पाच रुपयाचा तुकडा नव्हता म्हणून दोन मशीनं दुरुस्तीला पाठवली होती आम्ही, आणि दोन्ही 'नो फॉल्ट फाउंड' चिठ्ठी घेऊन परत आली, वर कुरिअरचा खर्च.

पॉकेट मॉडेल अजूनही येतात, खिशात डबी आणि वायरला बटणासारखा रिसीव्हर, म्हणजे कानात आवाज सोडणारा छोटा स्पीकर. तो बटण सरळ एचए-२ च्या तोंडावर टच्चकन बसतो, ट्यूब नाही काही नाही. खिशातली डबी माईक वर करून ठेवायची. वायर कुठेही घासता कामा नये, नाहीतर तिचाच खरखराट मोजला जातो. एवढंच. ह्या मशीनांना मी मनात नमस्कार करते, पंधरा पंधरा वर्षं चालतात.

मग कानात बसणारी, आयटीई आणि त्याहून लहान सीआयसी. ह्यांना एचए-१, आणि इथून पुट्टीचा खेळ सुरू. एचए-१ म्हणजे नुसतं उघडं भोक, त्यावर मशीनचं आवाजाचं टोक अगदी भोकाच्या पातळीत आलं पाहिजे, आत घुसलं तर पोकळी २ सीसी राहत नाही, बाहेर राहिलं तरी नाही. आणि चारी बाजूंनी पुट्टी. आम्ही ब्लू टॅक वापरतो, निळी, कणकेसारखी चिकट. पुट्टीचा आधी साप करायचा, जाडसर, तो मशीनच्या टोकाभोवती गुंडाळायचा आणि मग मशीनसकट कपलरवर दाबायचं. उलटं करायचं नाही, म्हणजे मशीन आधी ठेवून मग वरून पुट्टी थापायची नाही, कारण तेव्हा ती हमखास भोकात जाते. व्हेंट, म्हणजे हवेसाठीचं भोक, असेल तर तोही पुट्टीने बंद. सीआयसीला ओढायचा जो बारीक दोरा असतो तो पुट्टीखाली सापडला तर तिथून गळती, म्हणून तो वरच्या बाजूला वळवून ठेवायचा.

गळती ओळखायची कशी हे त्या मुलीने विचारलं तेव्हा मी तिला मुद्दाम पुट्टीत टाचणीने भोक पाडून दाखवलं. ग्राफची डावी बाजू, म्हणजे खालचे सूर, घसरगुंडीसारखी खाली आली. उजवी बाजू जागच्या जागी. बेस गेला आणि बाकी सगळं ठीक असं दिसलं की मशीनला शिव्या घालायच्या आधी पुट्टी बघ, असं सांगितलं. आता ती दर वेळी झाकण उघडून बोट फिरवते. पुट्टीचं गोव्यातलं दुखणं वेगळंच आहे. मे महिन्यात ती चिकट होऊन मशीनच्या फेसप्लेटला, बाहेरच्या झाकणाला, राहते, आणि पावसात, सगळ्यालाच जो ओलसरपणा चढतो त्यात, ती कपलरच्या धातूला धरतच नाही. आधी कपलर कोरड्या फडक्याने पुसायचा. उन्हाळ्यात आम्ही पुट्टी फ्रीजमध्ये ठेवतो, सोलकढीच्या बाटलीशेजारी, एकदा कोणीतरी च्युइंगगम समजून विचारलंही.

सगळ्यात जास्त भांडण आरआयसीशी. हल्ली निम्मी माणसं हेच घेतात, कानामागे छोटी डबी आणि बारीक वायरच्या टोकाला रिसीव्हर. लोकांना वाटतं हे कानामागचं म्हणजे एचए-२. नाही. आवाज टोकावरच्या रिसीव्हरमधून येतो, मध्ये ट्यूबच नाही, म्हणून एचए-१. डोम, म्हणजे टोकावरची मऊ रबरी टोपी, काढायचा, रिसीव्हरचं टोक भोकाच्या पातळीत, पुट्टी. आणि मग खरी कसरत, कारण कानामागची डबी हलकी, वायर स्प्रिंगसारखी, एक बाजू दाबली की दुसरी उडते. माईक खुणेवर धरायला मी डबीखाली पुट्टीचाच छोटा उशीसारखा गोळा ठेवते. दोन माईक असतात वर, त्यांना ओमनी मोडमध्ये, म्हणजे सगळ्या बाजूंचं सारखं ऐकणाऱ्या, आणायचं, नाहीतर मशीन ठरवतं की आवाज मागून येतोय आणि तो दाबून टाकतं, आणि आपण बसतो गेन, म्हणजे मशीन आवाज किती वाढवतं ते, का कमी म्हणून डोकं खाजवत.

ह्याच आरआयसीवर मी एकदा घाण केलीय, ती सांगून टाकते. एक शाळेतले निवृत्त सर होते, उजवं मशीन मंद झालं म्हणाले. लावलं डब्यात, गेन जवळजवळ शून्य. मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, सर रिसीव्हर गेला, बदलावा लागेल. सरांनी पैसे पण काढले. नशीब की तो साईझ स्टॉकमध्ये नव्हता. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बघितलं तर रिसीव्हरच्या तोंडात निळा ठिपका. माझीच पुट्टी. म्हणजे सरांचं मशीन आधी जे काही मंद होतं ते होतं, पण शून्य मी केलं होतं. वॅक्स गार्ड, म्हणजे टोकावरची मळ अडवणारी जाळी, बदलला, पुट्टी त्याच्याबरोबरच निघाली, ग्राफ जागेवर. सरांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, ''अगं, मीही वर्गात कितीदा चुकीचं शिकवलं असेन.'' तेव्हापासून पुट्टी लावल्यावर आणि काढल्यावर दोन्ही वेळी भिंग.

लावून झालं की टेस्ट. क्रम असा की मशीन फुल करायचं आणि ९० डेसिबलचा आवाज द्यायचा, जास्तीत जास्त किती ओकतं ते बघायला. पॉवर मशीन असेल तर १३० च्या वरही जातं, म्हणून फुल केलेलं मशीन 'चालतंय का बघू' म्हणून स्वतःच्या कानाला कधी लावायचं नाही. मग तसंच फुल ठेवून ५० डेसिबल, तो फुल गेन. मग १०००, १६०० आणि २५०० हर्ट्झची सरासरी धरून व्हॉल्यूम खाली आणायचा, हिशोब असा की ६० डेसिबल आत दिल्यावर मिळणारा गेन हा त्या ९० वाल्या सरासरीतून ७७ वजा केल्यावर येतो तेवढा हवा. मग त्या सेटिंगला बाकीचं, डिस्टॉर्शन म्हणजे आवाज किती फाटतो ते, मशीनचा स्वतःचा आवाज, बॅटरी किती पिते. ही सगळी एएनएसआय एस३.२२ ह्या अमेरिकन मानकाची पद्धत, सॉफ्टवेअर आपोआप करतं, पण आत काय चाललंय ते माहीत नसेल तर नुसते आकडे बघून काय कळणार. सूटही ठरलेली आहे, ९० वाली सरासरी ४ डेसिबल वरखाली चालते, गेन ५ वरखाली. त्यामुळे २ डेसिबलसाठी पेशंटला घाबरवू नये.

बटणांची एक गोष्ट. शिबिरातल्या जुन्या बीटीईला मागे छोटे ट्रिमर असतात, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे. टेस्टसाठी ते फुल करावे लागतात. फिरवायच्या आधी मोबाईलवर फोटो. मी एकदा फोटो काढला नाही आणि फुल अवस्थेतच मशीन परत दिलं, ते आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात, पोदेर, आमचा पाववाला, पोंपों करत आला तेव्हा कानात बॉम्ब फुटला म्हणून. डिजिटलमध्येही तेच, आधी पेशंटचं सेशन सेव्ह, मग टेस्ट सेटिंग, नॉइज रिडक्शन बंद, फीडबॅकवाला, म्हणजे शिट्टी दाबणारा, प्रकार बंद, आणि शेवटी आठवणीने परत जुनं.

बॅटरी. झिंक-एअरचं स्टिकर काढलं की लगेच लावू नये, दोनचार मिनिटं हवा खाऊ दे. करंट मोजायला बॅटरीच्या जागी बॅटरी पिल जाते, खोटी बॅटरी, पातळ पट्टीची शेपटी असलेली. १० नंबरला वेगळी, ३१२ ला वेगळी, १३ आणि ६७५ ला वेगळी, आणि सीआयसीचं दार त्या पट्टीवर बंद होत नाही म्हणून आपण जोर लावतो आणि दार तुटतं. जोर लावू नये. चार्जिंगवाल्या मशीनात पिल घालायचा प्रश्नच नाही, करंट सोडून द्यायचा. पूर्ण चार्ज असल्याची खात्री करायची आणि बास.

आणि पाऊस! मशीनचा स्वतःचा सूं सूं आवाज मोजायचा असतो तेव्हा डब्यात शांतता लागते, पण बाहेर जुलैचा पाऊस आमच्या पत्र्याच्या शेडवर पडत असेल तर जाड झाकणातूनही तो आत पोचतो, विशेषतः खालचे सूर, ते टेबलातूनच चढतात. एका आठवड्यात पाच मशीनं नॉइजमध्ये फेल. पाऊस थांबल्यावर चहा पिऊन परत लावली, पाचही पास. आता डब्याखाली जाड रबराचा तुकडा आहे आणि पावसाचा जोर असेल तर नॉइजची टेस्ट दुपारवर. लाईट गेली आणि शेजाऱ्याचा जनरेटर चालू झाला तर तर विचारूच नका.

आता एका शुक्रवारची गोष्ट. पेडण्याचे एक काका, मुलाने दुबईहून आणून दिलेली चार्जिंगची आरआयसी जोडी, ब्लूटूथ वगैरे सगळं. तक्रार, उजवं मशीन मंद. काकांना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्ही उजवं डब्यात लावलं. सगळं व्यवस्थित, एचए-१, डोम काढलेला, पुट्टी, भिंग, माईक खुणेवर, त्या मुलीने एकटीने लावलं, मी फक्त बघत होते. पहिला ग्राफ आला तो असा की वेंगुर्ल्याचा डोंगर. परत घेतला, वेगळाच डोंगर. डिस्टॉर्शन तर काहीच्या काही. प्रत्येक वेळी वेगळं येतंय म्हणजे गळती नाही, गळती दर वेळी तीच दिसते. कपलर बघितला, रेफरन्स माईक परत लेव्हल केला, ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर लावून मोजणारा माईकही तपासला, बरोबर. ती मुलगी रडकुंडीला. मग मी मशीन कपलरवरून काढून स्टेथोला लावलं आणि ऐकलं.

आत अभंग चालू होता. टाळ, पखवाज, सगळं.

बाहेर जाऊन बघते तर काका मोबाईल कानाशी नेऊन हलवतायत, कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आषाढीचा व्हिडिओ, आणि शेजारच्या बाईला सांगतायत की फोनचा आवाजच गेला, हापण पाड जालो. फोन बिचारा अभंग ब्लूटूथवरून इमाने इतबारे डब्यातल्या मशीनला पाठवत होता. मशीन चार्जरमधून काढलं की आपोआप फोनला जोडलं जातं, आणि आम्ही ते तीनदा चार्जरमध्ये ठेवून काढलेलं. काकांचा फोन घेतला, ब्लूटूथ बंद केलं. काका नाराज, व्हिडिओ अर्धा राहिला.

मग घेतलेला ग्राफ सरळ आला आणि खरा आजार दिसला, वरचे सूर, २००० च्या पुढे, सपाट बसलेले. खालचे ठीक. वॅक्स गार्ड बदलून परत घेतलं, वर आले. म्हणजे टेस्ट आधी जसं आलं तसं घ्यायची, साफसफाई नंतर, नाहीतर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. पावसाळ्यात मळ ओला होतो आणि गार्डाच्या बारीक जाळीत जाऊन बसतो, जून ते सप्टेंबर आमच्याकडे निम्मी 'मंद' मशीनं ह्यातलीच, म्हणून मी सगळ्यांना रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा सांगते, चार्जिंगवाल्यांना कंपनीचा ड्रायर घ्या.

कपलरची डबी आणि कान ह्यातला फरक सांगायचा राहिलाच. काकांचा डोम उघडा, भोकाभोकाचा, त्यातून खालचे सूर कानाबाहेर निघून जातात. डबीत आपण पुट्टीने सगळं बंद केलेलं, त्यामुळे डबीत जो बेस दिसतो तो काकांच्या कानात नसतोच. वर कानाची उरलेली पोकळी २ सीसीपेक्षा लहान, त्यामुळे वरचे सूर कानात डबीपेक्षा जास्त चढतात, लहान मुलांत तर आणखी. म्हणून डब्यात पास झालं म्हणजे काकांना नीट ऐकू येईल असं नाही, त्यासाठी कानात बारीक नळी घालून वेगळं मोजावं लागतं. डबा फक्त सांगतो की मशीन कंपनीतून निघालं तेव्हा जसं होतं तसं आहे की नाही. ती मुलगी म्हणाली, ''मग ताई एवढी खटपट कशाला?'' मी म्हटलं सरांचा रिसीव्हर आठव.

जुना वॅक्स गार्ड मी टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवून काकांना दाखवला, मोहरीएवढासुद्धा नाही. काका चष्मा लावून बघत राहिले. ''ह्याच्यासाठी पेडण्याहून आलो?''

''बाजार पण झाला ना काका.''

''बाजार खंयचो, सगळी वेळ हांगाच गेली,'' म्हणत पिशवी उचलली, आणि दाराशी जाऊन परत आले, फोन राहिला होता. आमच्या टेस्टच्या फॉर्मवर सगळ्यात वर, नाव आणि तारखेच्याही आधी, आता त्या मुलीच्या अक्षरात एक नवी ओळ आहे: पेशंटचा फोन कुठे आहे?